आबासाहेबांच्या उशाची वायर

आबासाहेब बिरादारांवर कोणी लिहावं असं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नाही. ते गौळीगुड्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते आणि मी तिथेच तिकिटांच्या हिशोबाला. लिहिण्याची मला सवय नाही. जमेल की नाही याचीही खात्री नाही. पण त्यांच्या शेवटच्या वर्षात काय झालं हे नीट माहीत असणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून लिहितो.

आबासाहेब मूळचे भालकीकडचे. शाळा उर्दूतून झालेली, घरी मराठी, आणि कामावर दखनी. त्यांचा आवाज सगळ्या स्टँडला माहीत होता. लाउडस्पीकर बिघडला तर साहेब लोक दुरुस्तीला माणूस बोलवायचे नाहीत, आबासाहेबांना बोलवायचे. ते फलाटाच्या टोकाला उभे राहत आणि ओरडत, "ओ बीदरवाले! निकालो गाडी, मुहूरत देख रै क्या जी?" ड्रायव्हर हसत हसत गाडी काढायचा. प्रवासी दचकायचे. एकदा एक नवरदेव चुकीच्या गाडीत बसला होता, त्यालाही त्यांनी याच आवाजात खाली उतरवलं होतं.

रिटायर झाल्यावर ते अंबरपेठेत, माझ्या घराच्या पलीकडे स्वतः बांधलेल्या दुमजली घरात राहायला आले. बायको आधीच गेलेली. दोन मुलगे होते. थोरला किशोर आबिड्सला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला, धाकटा शशिकांत बँकेत. थोरल्या सुनेचं नाव पद्मावती. ती कमी बोलायची आणि घर तिच्यावर चालायचं.

मग आबासाहेबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून खालच्या बैठकीत त्यांची खाट टाकली. स्वयंपाकघर आणि बाकीच्या खोल्या वर. सगळ्यांना प्रश्न पडला की यांना काही लागलं तर कळायचं कसं.

हा प्रश्न किशोरने सोडवला. त्याने भिंतीतून वायर नेली, डाव्या हाताला येईल असं खाटेशी बटण बसवलं, आणि वर स्वयंपाकघरात व दोन्ही खोल्यांत बेल लावली. कोणीही कुठेही असलं तरी ऐकू जावं म्हणून. त्या दिवशी बटण दाबून बेल वाजल्यावर आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. किशोरने तोंड फिरवलं आणि उगीचच पक्कड पुसत बसला. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला इथेच सांगायला हवं.

ती बेल म्हणजे आबासाहेबांची वाचाच झाली. पाणी हवं असलं की हलकेच वाजे. कूस बदलायची असली की जरा लांब. आणि उशीर झाला की अशी वाजे की पद्मावती जिन्यावरूनच म्हणे, "आले मामंजी, आले! गाडी सुटत नाही तुमची." ते ऐकून त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसायची. मी रोज दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायला जात असे. एखादी बातमी आवडली नाही की तेव्हाही बेल दाबायचे. वरून पद्मावती धावत यायची आणि मला म्हणायची, "काका, चांगलं तेवढंच वाचा ना."

त्र्याण्णवच्या सुमाराला आमच्या गल्लीत केबल आली. एकाने गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि घराघरात वायरी सोडल्या. त्याच वर्षी शशिकांतचं लग्न झालं. त्याच्या बायकोने, शोभाने, माहेरून रंगीत टीव्ही आणला. किशोरनेही हप्त्यावर एक घेतला. जुना ब्लॅक अँड व्हाइट राहिला. केबल मात्र वरच्या एकाच खोलीत आली होती. दुसऱ्या खोलीसाठी केबलवाला वेगळं कनेक्शन मागत होता, आणि वायर न्यायची तर लग्नासाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंती खराब झाल्या असत्या. संध्याकाळी कोणती मालिका लावायची यावरून दोन्ही जावांत धुसफूस सुरू झाली.

एका दुपारी मी पेपर वाचत असताना किशोर खाली आला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मागून पद्मावती आली.

"वायर घरात आहेच की," तो म्हणाला. "सगळ्या खोल्यांतून फिरलीये. वर एका टोकाला केबल जोडली की झालं. प्रत्येक टीव्हीला ती छोटी डबी लावायची, अँटेनाला लावतात ना, तसली. भिंतीला हातसुद्धा लावायला नको."

"ती बेलची वायर आहे," पद्मावती म्हणाली.

"बेल काय गं, कधीतरी वाजते. आणि बाबांनापण टीव्ही होईल. जुना इथे ठेवू. दिवसभर छताकडे बघून परेशान होत असतील."

"आणि बोलवायचं झालं तर?"

"देवातली घंटा ठेव उशाशी. पुढच्या महिन्यात नवीन वायर टाकतो बेलला. हौ की नाही बाबा?"

आबासाहेबांनी बटण दाबलं. वर बेल वाजली. किशोर हसला. "बघ, हौ म्हणाले."

दाबण्याचा अर्थ हौ होता की नक्को, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

रविवारी किशोरने काम उरकलं. बटणाचा लाकडी ठोकळा काढला. तिथे वायरीची टोकं जोडून त्यावर काळी पट्टी गुंडाळली आणि तिथून एक तुकडा टीव्हीपर्यंत नेला. चित्राला सावली येत होती, माणसाच्या मागे दुसरा माणूस उभा असल्यासारखी, पण चित्र आलं. तिन्ही खोल्यांत एकच बाई एकाच वेळी बातम्या सांगू लागली. शोभा जिन्यात उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, "भावजी, तुम्ही तर गल्लीचे केबलवालेच झालात!"

देवातली घंटा पहिल्याच दिवशी डाव्या हातातून निसटून खाटेखाली गेली. परत दिली, परत पडली. हातात राहिली तरी दोन टीव्हींच्या आवाजात ती वर पोचत नव्हती. पद्मावती कामातून वेळ काढून खाली फेऱ्या मारू लागली. कधी वेळेवर पोचायची, कधी नाही. उशीर झाला की आबासाहेबांचं धोतर आणि चादर दोन्ही बदलावं लागे, आणि ती बदलताना ते डोळे घट्ट मिटून घेत. स्टँडवर शेकडो माणसांसमोर उभा राहिलेला माणूस सुनेसमोर डोळे मिटून पडलेला असे. मी अशा वेळी पेपर घेऊन दारातूनच परत जायचो.

एके दिवशी पद्मावती वर आपल्या खोलीत भाजी चिरत होती. समोरच्या टीव्हीवरचं चित्र एकदम गेलं, नुसती खरखर आणि पांढरे ठिपके. थोड्या वेळाने आलं, पुन्हा गेलं. केबल गेली असेल असं समजून ती तशीच खाली फेरी मारायला आली. बघते तर आबासाहेबांचा अंगठा भिंतीवरच्या काळ्या पट्टीवर. बटण जिथे होतं तिथेच ते सवयीने दाबत होते. पट्टीखालची टोकं एकमेकांना टेकत होती आणि वरचं चित्र जात होतं.

"मामंजी, सोडा," ती म्हणाली. त्यांनी सोडलं. वरून बोलण्याचा आवाज सुरू झाला. "आता दाबा." त्यांनी दाबलं. वर खरखर. पद्मावती तिथेच खाटेच्या कडेला बसली. हे तिने मला नंतर सांगितलं, तेव्हासुद्धा तिचा चेहरा खुलला होता.

त्या दिवसापासून तिने आपल्या खोलीतला टीव्ही बंद केला नाही. स्वयंपाक करताना, कपडे धुताना, तो चालूच. तिला बघायचं काहीच नसे. कान आवाजाकडे, आणि खरखर झाली की हातातलं टाकून खाली. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या की बिरादारांची थोरली टीव्हीची वेडी झाली. शशिकांतही एकदा बोलला, "वहिनी, तो जरा थंड होऊ द्या, नाहीतर पेटेल एखाद्या दिवशी." तिने ऐकून घेतलं.

किशोरला तिने हे सांगितलं नाही. बेलचं तिने त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि पुढचा महिना कधी येत नव्हता. जोड ढिला आहे असं कळलं तर तो पहिल्यांदा तोच पक्का करेल, अशी तिला भीती वाटली. चित्रात सावली आली तरी पक्कड घेऊन धावणारा माणूस तो. म्हणून तिने फक्त जावेला सांगितलं. शोभाला आधी गंमत वाटली. चित्र गेलं की ओरडायची, "जाऊबाई, मामंजींची गाडी लागली फलाटाला!" पण पद्मावती हाताशी नसली तर स्वतः खाली जायची. मनाने चांगली मुलगी होती.

पावसाळा संपता संपता पद्मावतीच्या आईची तब्येत बिघडली आणि तिला माहेरी जावं लागलं. निघताना तिने शोभाला बजावलं, "टीव्ही बंद करू नको. चित्र गेलं की खाली जा. चित्र नीट असलं म्हणजे मामंजी बरे आहेत."

"हौ हो जाऊबाई. किती वेळा सांगाल?"

रविवारी क्रिकेटची मॅच होती. किशोरने दुकानातल्या लोकांना घरी बोलावलं होतं. शेजारचे युसुफभाईही आले होते. शोभा स्वयंपाकघरात भजी तळत होती आणि लोकांच्या गोंगाटात तिला टीव्ही ऐकू येत नव्हता. मॅच रंगात आली आणि चित्र जाऊ लागलं. एकदा, दोनदा, मग सारखंच.

"किशोरभाई," युसुफभाई म्हणाले, "तुमारे घर में बरफ पड रै क्या? स्वेटर लाऊं?"

सगळे हसले. किशोरचा चेहरा उतरला. विजेच्या दुकानातल्या माणसाच्या घरी, दुकानातल्याच लोकांसमोर. तो वायर तपासत तपासत खाली आला. आबासाहेबांचा अंगठा पट्टीवर होता.

"बाबा, ही काय खेळायची वस्तू आहे का?" तो म्हणाला. हे त्यानेच मला सांगितलं, कितीतरी वेळा सांगितलं. वडिलांना तहान लागली असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने जोड सोडवून वर, हात पोचणार नाही असा, डबीत बंद केला. संध्याकाळी दुकान उघडून चित्र साफ करणारा एक बूस्टर आणला. त्याला खोलीगणिक वेगळी तोंडं होती, म्हणजे एका खोलीत काही बिघडलं तरी दुसऱ्या खोलीतलं चित्र हलू नये. सावलीसुद्धा गेली. शोभाने रात्री जेवताना म्हटलं, "आज कसं स्वच्छ दिसतंय!" कशामुळे ते तिने विचारलं नाही, आणि केबलवाल्याने काहीतरी सुधारलं असेल असं ती समजली.

दुसऱ्या दिवशी पुरुष कामावर गेले. दुपारी मी नेहमीप्रमाणे पेपर घेऊन गेलो. बैठकीत टीव्ही चालू होता. खाट रिकामी होती. आबासाहेब खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत पडले होते, पाय विचित्र वळलेला, डावा हात भिंतीवर वर ताणलेला. तोंड उघडं होतं आणि त्यातून श्वासाचा नुसता घरघर आवाज येत होता. फरशी ओली होती आणि कडेने वाळतही आली होती.

मला ओरडता येत नाही. जन्मभर आला नाही तो आवाज तेव्हा कसा आला कोण जाणे. शोभा धावत खाली आली आणि दारातच थांबली. तिच्या हातात वाटी होती.

"पण चित्र तर नीट होतं काका," ती म्हणाली. "मी सकाळपासून बघतेय. एकदासुद्धा गेलं नाही."

मग तिने भिंतीकडे पाहिलं. काळी पट्टी नव्हती. तिथे फक्त रंग उडालेला चौकोन होता, आणि त्याच्यावर नखांचे ओरखडे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि या अवस्थेत ऑपरेशन झेपणार नाही, घरीच ठेवा. पद्मावती त्याच संध्याकाळी परतली. सगळ्यांना वाटलं आता ती रडेल, भांडेल. तिने सासऱ्यांचं अंग पुसलं, चादर बदलली आणि मग किशोरला विचारलं, "जोड बंद करताना ते काय मागतायत ते का नाही विचारलंत?"

"मला काय माहीत? तू कधी सांगितलंस?"

ती बदललेली चादर उचलून बाहेर गेली. शोभा कोपऱ्यात उभी राहून रडत होती, पण तिला कोणी काही बोललं नाही. त्या घरात पुढेही कोणी कोणाला काही बोललं नाही. बोलायला प्रत्येकाला भीती वाटत असावी.

त्यानंतर आबासाहेबांना एकटं ठेवलं नाही. पद्मावतीने आपलं अंथरूण बैठकीत आणलं. दुपारी शोभा बसे. शशिकांतने रजा घेतली. किशोर दुकानातून आला की हातपाय न धुता खाटेशी येऊन बसे. आता हाक मारायची गरजच नव्हती, समोर सतत कोणीतरी होतं. पण आबासाहेबांनी काही मागणंच सोडलं. चमचा ओठाला लावला तर पाणी घेत, नाही लावला तर नाही. डावा हात पोटावर पडून असे. पाठीला जखमा झाल्या तरी चेहऱ्यावर काही उमटत नसे.

शेवटच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा किशोर त्यांच्या कानाशी वाकला होता. "बाबा, काय हवं? पाणी? कूस बदलू? डोळे मिटून सांगा. एकदा मिटले तर हौ." त्याने थांबून वाट पाहिली. पुन्हा विचारलं. आबासाहेबांचे डोळे उघडेच होते आणि ते त्याच्याकडेच बघत होते, रागाने नाही, मायेनेही नाही, फलाटावरच्या अनोळखी प्रवाशाकडे बघावं तसे. किशोर विचारत राहिला. पद्मावतीने शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या आता. त्यांना झोपू द्या."