दसऱ्याला पुजलेलं घड्याळ

चूक आबांची, म्हणजे माझ्या बापाची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही मलाच धराल.

कॉलेज सोडून मी सुरतेतल्या एका घड्याळाच्या दुकानात लागलो. काम काय, तर सेल टाकणं आणि पट्टे बदलणं. अशात एक कॅरेज क्लॉक दुरुस्तीला आलं. पितळेची चौकट, चारी बाजूंनी काच, वर उचलायला कडी. जुन्या काळी घोडागाडीच्या प्रवासात सोबत न्यायला केलेलं. धक्क्यांत लंबक कसा टिकणार? म्हणून त्याऐवजी वर एक इवलंसं चक्र, केसासारख्या स्प्रिंगवर मागेपुढे फिरणारं.

शेठने ते खोलून साफ केलं आणि म्हणाला, "दसऱ्याला दुकान बंद. घरी ने, वेळ बरोबर दाखवतंय का बघ. दाखवली तर पुढचं घड्याळ तू खोलायचं."

पांडेसऱ्याच्या आमच्या खोलीत मी ते कपाटावर ठेवलं. आबांचा जन्म कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये गेला. आपल्या अहिराणीत म्हणाले, "कॉलेज सोडं, आन आते खेळनं लई उना."

डोकं फिरलं माझं. "खेळणं नाही, मशीन आहे. तुमच्या मिलमधल्यापेक्षा भारी. जरा मान द्या त्याला."

या माणसाने जन्मात माझं ऐकलं नव्हतं. नेमकं हेच ऐकलं.

दसऱ्याला सकाळी मी बाजारातून परतलो, तर कडीला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. घड्याळाचं मागचं दार उघडं. आत हळद, कुंकू, अक्षता, आणि वर आईच्या शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल. चक्र थांबलेलं.

"आबा, काय केलं हे?"

"तूच म्हनना ना, मशीन शे. मंग दसराले पूजा नको का तिनी? पाया पड."

मिलमध्ये दर दसऱ्याला हेच करतात म्हणे, एकही मशीन कधी बंद पडलं नाही. यांना समजावणार कोण? मी चिडून दात घासायचा ब्रश घेतला आणि स्वतःच कुंकू घासायला बसलो.

दुकान उघडल्यावर शेठने डोळ्याला भिंग लावलं. "आ घडियाळ छे के मंदिर?"

मी लगेच बापाचं नाव पुढे केलं.

"तेल-कुंकू मी धुतलं असतं," शेठ म्हणाला. "ही स्प्रिंग कोणी वाकवली?"

स्प्रिंगला आबांनी हातही लावला नव्हता.

पुढचं घड्याळ शेठने एकट्याने खोललं. मी अजून पट्टे बदलतो.