अक्कलकोटच्या वाटेवर कळलेलं ब्रेक ऑइल

जानेवारीत वन्सं म्हणाल्या, "मीना, यंदा अक्कलकोटला तूच गाडी घेऊन चल." वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद सुनंदा. पन्नाशीत गाडी शिकलेल्या भावजयीवर इतका विश्वास ठेवणारं माणूस विरळाच, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. सोलापूरपर्यंतचा रस्ता उत्तम आहे. चहा-नाश्ता धरूनही दुपारच्या जेवणाला आरामात पोहोचता येतं. इंदापूर मागे पडलं की हवा कोरडी होते आणि दोन्ही बाजूंना ज्वारी दिसायला लागते. टेंभुर्णीला पोहे खाल्ले. मोहोळच्या जवळ डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. ब्रेकची छोटी पांढरी टाकी ठाऊक होती. त्यातली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली. आमच्याकडे सगळे त्याला ब्रेक ऑइलच म्हणतात आणि डिकीत इंजिन ऑइलची अर्धी बाटली होती. ऑइल ते ऑइल, असा विचार करून मी ओतलं. दिवा विझला.

"शाब्बास!" वन्सं म्हणाल्या. मलाही फार भारी वाटलं.

सोलापुरात स्टेशनजवळ साध्या लॉजवर उतरलो. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दही. तुम्ही गेलात तर चटणी बाजारातून घ्या आणि आधी चाखून बघा. प्रत्येक दुकानाची वेगळी लागते. संध्याकाळी चादरींच्या दुकानात वन्संनी दोन तास काढले. दुकानदार घरच्यांशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत आणि शेजारच्या दुकानदाराशी दखनी उर्दूत बोलत होता. मी नुसती ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. सोलापूरपासून तासाभराचं अंतर, पण त्या दिवशी गाडी जड जात होती, कुणी मागून ओढून धरल्यासारखी. वळसंग मागे पडल्यावर जळका वास येऊ लागला.

"कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असेल," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेताच्या वाटेवरून रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. पेडल काहीच अडथळा न होता तळाला टेकलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. वन्संनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये आले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे ढेकळांत घातली. बाभळीचं झुडूप मोडून ती थांबली तेव्हा मागची ट्रॉली आमच्या काचेपासून दोन हातांवर होती.

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

ट्रॅक्टरवाला धावत आला. "लागलं न्हाय न्हवं? थांबा हितंच. मल्लप्पाला बोलवतो. त्याचं ग्यारेज जवळच हाय."

मल्लप्पा स्कूटरवरून आले. साठीचे, कपाळावर विभूती, उजव्या हाताची दोन बोटं न वाकणारी. चाकाजवळ हात नेऊन त्यांनी तो लगेच मागे घेतला. मग टाकीचं झाकण काढून वास घेतला.

"बाई, ह्यात काय घातलंय?"

"ब्रेक ऑइल."

"ब्रेक ऑइल, की ऑइल?"

मी डिकीतली बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांना उत्तर मिळालं.

चाकं गार झाल्यावर त्यांनी स्वतः, हँडब्रेकवर हात ठेवून, माणसाच्या चालीनं गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. तिथे घराकडे तोंड करून कन्नडमध्ये "नीर ता!" म्हणाले. त्यांच्या पत्नी महादेवीबाई पाण्याचे दोन ग्लास घेऊन आल्या. मी एक पिणारच होते.

"प्यायचं न्हाय हो ते," मल्लप्पा हसले. "आदी बघा."

पिचकारीने त्यांनी माझ्या टाकीतलं थोडं काढून एका ग्लासात सोडलं. वर पिवळा तवंग आला. मग नव्या सीलबंद बाटलीतले थेंब दुसऱ्यात टाकून ढवळले. ते पाण्यात विरून गेले.

"नाव ऑइल हाय, पण ऑइल न्हाय की ते. तुमी पाय दाबता, तो जोर नळीतनं चाकापातूर हेच नेतंय. आत रबराचे वायसर हायेत. त्यास्नी साधं ऑइल लागलं की ते फुगतात, ब्रेक धरून बसतो, चाक तापतंय. मग आतलं उकळतंय, बुडबुडं होतात. बुडबुडा दाबून ब्रेक लागंल का?"

बाटलीवर 'ब्रेक फ्लुइड, डॉट ३' असं लिहिलं होतं. माझ्या टाकीच्या झाकणावरही तेच, ठळक अक्षरांत. मी मराठीची शिक्षिका. मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगते. ते झाकण मात्र वाचलं नव्हतं.

"हे काढून नवीन भरलं की झालं ना?" मी विचारलं.

"न्हाय. समदं रबर बदलायचं, नळ्या धुवायच्या. पॅडबी झिजलेत, म्हणून तर पातळी उतरली हुती. दिवा लागला ते भरा म्हणून न्हवं, तपासा म्हणून."

"आज होईल?"

"सामान सोलापूरला. उद्या होईल. आज ही गाडी मी तुमाला द्येणार न्हाय."

इतक्या सरळपणे कुणी मला नाही म्हटल्याचं आठवत नाही. राग येण्याऐवजी जीव हलका झाला. ते एसटीने सोलापूरला गेले. आम्हाला महादेवीबाईंनी हुरडा खायला शेतात नेलं, आणि त्या व वन्सं सुना-नणंदांवर तासभर अशा बोलल्या, की कन्नड कुठे संपलं आणि मराठी कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही.

दुपारी आम्ही एसटीने अक्कलकोटला जाऊन दर्शन घेतलं. सकाळच्या प्रसंगानंतर मठात हात जोडताना मागायला काही सुचेना. नुसत्या उभ्या राहिलो. मुक्काम भक्तनिवासात, साधा, स्वच्छ. प्रसादाचं जेवण चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी शेडवर परत आलो. महादेवीबाई पेडल दाबत होत्या, मल्लप्पा चाकाशी बसून नळीतली हवा काढत होते. "दाब. धर. सोड." एकेक चाक, घाई नाही. मी न राहवून म्हटलं, "तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत."

त्यांनी ती दोन बोटं वर केली. "कसा बोलू? मीबी केलंय हे. नवीन हुतो. मालकाच्या जीपमधी घातलं, आन् मीच चालवत न्हेली. लिंबाच्या झाडावर आदळलो. शेजारी धाकटा भाऊ हुता. त्याचा पाय ग्येला." मग पान्हा फिरवत म्हणाले, "तवापास्नं प्रत्येक गिऱ्हाइकाला ग्लास दावतो. लोक हसत्यात. हसू द्या."

त्यांनी मला बाजूला बसवून गावाच्या रस्त्यावर चार वेळा ब्रेक मारून दाखवला, मग किल्ली हातात दिली.

पुण्याला पोहोचून आठवडा झाला. चादरी अंथरल्या, चटणी संपत आली. दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदलायचं, उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही कारण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पातळी उतरली तर आधी कारण शोधायचं, हे आता पाठ आहे. पण बोटं वर करून बोलणारे मल्लप्पा त्याहून जास्त आठवतात.

काल मी हे लिहीत असताना वन्सं मागे येऊन वाचत उभ्या राहिल्या. "अगं, स्वतःची एवढी चूक जगाला कशाला सांगतेस?"

"मल्लप्पांनी स्वतःची मला सांगितली ना," मी म्हटलं.

वन्सं खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मग मी शाब्बास म्हणाले होते, तेही लिही."