उन्हातली गाठ

पाटोद्याच्या सोसायटीत ठिबकच्या नळ्या करणारा इसाक मोठा हट्टी माणूस. जुन्या नळ्या दळून, वितळवून नवी नळी निघाली की तो तिला गाठ मारायचा आणि तीन दिवस पत्र्यावर उन्हात टाकायचा. गाठीवर पांढरी रेघ उमटली की सगळा माल परत मशिनीत. लोक वैतागायचे, पण बारा वर्षांत त्याची नळी कुणाच्या रानात फुटली नाही, हेही तेच सांगायचे.

मग दुष्काळ आला. जुनी नळी कुणी विकेना. चेअरमन आप्पारावांनी खताच्या रिकाम्या गोण्या आणून टाकल्या आणि म्हणाले, हे मिसळ, प्लास्टिक ते प्लास्टिक. इसाकनं परोपरीनं सांगितलं, की दोन्ही दिसायला भाऊभाऊ, पण नळीचं पाणी होतं तेव्हा गोणीचं नुसतं मऊ पडतं. आच वाढवावी तर नळीचं जळून जातं. मशिनीतून एकत्र निघतात, पण जीव काही एक होत नाही. ऐकतो कोण? शेवटी थोडं थोडं मिसळून त्यानं नळी काढली आणि सवयीनं गाठ मारून पत्र्यावर टाकली.

त्याच दुपारी वच्छलाबाई आली. माणूस गेल्यावर तिनं एकटीनं मोसंबीची दीडशे झाडं वाढवली होती. तिची नळी उंदरांनी कुरतडलेली आणि हौद भरायला टँकर उद्या सकाळी यायचा, त्यानंतरचा थेट आठ दिवसांनी. इसाकनं तीन दिवस मागितले. ती पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "झाडं तीन दिवस न्हाई काढायची, इसाकभाऊ."

त्यानं पत्र्यावर चढून गाठ पाहिली. रेघ नव्हती. पण ऊन अर्ध्याच दिवसाचं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दया आली अन् घात झाला. त्यानं नळी दिली, वर बैलगाडीत स्वतः चढवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलं आणि बांधाच्या वळणावर नळी तडकली, मग पुढं आणखी चार ठिकाणी. वच्छलाबाई शेजारी गेलती. परत येईस्तोवर हौद रिकामा, सगळं पाणी बांधाखालच्या दगडात. आठ दिवसांत झाडांनी पानं टाकली. उन्हाळा सरता सरता तिनं ती सरपणाला तोडली.

ती भांडायला आली नाही. आली असती तर इसाकला घास तरी गिळता आला असता. तो नुसता वाट पाहत राहिला.

ती आली दुसऱ्या वर्षी, पाऊस झाल्यावर, कांद्यासाठी नळी घ्यायला. इसाकला तिच्याकडं बघवेना. मान खाली घालूनच तो म्हणाला, तीन दिवस लागतील, मावशी.

"लागू दे की," ती म्हणाली. "आता कशाची घाई हाय मला?"

इसाक नळी घेऊन पत्र्यावर चढला. त्यानं गाठ मारली, सोडली आणि पुन्हा घट्ट मारली. ती खाली पायरीवर त्याची वाट पाहत बसली होती.