एस्तेरबाईंची साक्ष

घोडेगावजवळच्या वस्तीवर एस्तेरबाईंना सगळे मान द्यायचे. तीस वर्षं त्यांनी संडे स्कूलच्या पोरांकडून वचनं पाठ करून घेतली होती. नवरा लवकर गेला. एकुलत्या इसहाकला त्यांनी अंगणवाडीच्या नोकरीवर वाढवलं. तो नागापूरच्या कारखान्यात लागला आणि दर रविवारी उपासनेत पेटीवर बसून गाऊ लागला. असा गळा पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत, आणि आईचा ऊर भरून येई.

घरातला इसहाक मात्र वेगळा होता. सून नॅन्सी पारनेरची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पहिल्या वर्षापासून शेजारच्या खोलीतून मारल्याचा, दबक्या रडण्याचा आवाज येई. एस्तेरबाई सुनेला म्हणत, "प्रार्थना कर, बाई. पुरुषाचा राग हाय, निवंल." राग निवत नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात भर दुपारी जेवण थंड झालं म्हणून इसहाकने नॅन्सीचा हात पिरगाळला. एस्तेरबाई समोरच तांदूळ निवडत बसल्या होत्या. हाड कडकन मोडलं. इसहाक चपला घालून निघून गेला.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून सासूने सुनेला दवाखान्यात नेलं. हात कसा मोडला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नॅन्सीने सासूकडे पाहिलं. "पडले," ती म्हणाली.

"पडली न्हाई," एस्तेरबाई म्हणाल्या. "माझ्या पोरानं मोडला. मी डोळ्यांनी बघितलं."

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. सोबत चर्चच्या मंडळीचे पंच श्रीमंतभाऊ होते.

"पोलिसांत जाऊ नका," पाळकसाहेब म्हणाले. "सणाच्या तोंडावर मंडळीची नाचक्की होईल. प्रभूने क्षमा शिकवली आहे. नॅन्सीने मन मोठं करावं."

"क्षमा मागितली कुनी, साहेब? मागायच्या आधीच द्यायची व्हय?"

"पोटच्या पोरावर उलटलीस!" श्रीमंतभाऊ कडाडले.

एस्तेरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नॅन्सीला घेऊन पोलीस ठाणं गाठलं. जबाबावर सही करताना मुलाचं नाव पुन्हा एकदा वाचून दाखवायला लागलं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

इसहाक काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. आईला त्याने पुन्हा फोन केला नाही. नॅन्सी माहेरी पारनेरला गेली. "आता तुम्ही आराम करा," असं म्हणून पंचांनी एस्तेरबाईंकडून संडे स्कूल काढून घेतलं. रविवारच्या उपासनेला देवळात त्यांच्या बाकावर कोणी बसेना. ईस्टरला मात्र इसहाक पुन्हा पेटीवर बसला. त्याच्या गाण्याने लोकांचे डोळे भरून आले. एस्तेरबाई मधेच उठून बाहेर आल्या आणि त्यानंतर त्या देवळात गेल्या नाहीत.

महिन्यातून एकदा त्या एसटीने पारनेरला जातात. नॅन्सी शिवणकाम करते. तिचा हात अजून पुरता वळत नाही. एकदा तिने मशीन थांबवलं.

"आई, तुमी माझ्यासाठी साक्ष दिली, ते मी इसरनार न्हाई. पन सहा वर्षं तुमाला समदं ऐकू येत हुतं. तेबी इसरत न्हाई."

"व्हय," एस्तेरबाई म्हणाल्या. नॅन्सीने चहा पुढे केला.

खटल्याच्या गेल्या तारखेला दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसल्या होत्या. समोर इसहाक उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली. 'जेवतोस का रे,' एवढं विचारावं म्हणून एस्तेरबाई अर्ध्या उठल्या. त्याने पाठ फिरवली. तेवढ्यात शिपायाने साक्षीसाठी एस्तेरबाईंचं नाव पुकारलं. नॅन्सीने चांगला हात पुढे केला. तो धरून त्या आत गेल्या.