मुलीच्या नावाने गेलेलं प्रेमपत्र

५ मे २०००. पडवीत बसून आंब्याच्या पेट्या भरत होते. फोन वाजला, पण हाताला चीक लागला होता, म्हणून मुलीला घ्यायला सांगितला. तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

सावर्ड्याहून तिच्या होणाऱ्या सासूबाई होत्या. "वहिनी, मुलीला आवरा. आमच्या थोरल्याला प्रेमपत्र पाठवलंय तिने. सख्ख्या दिराला! तेही इंग्रजीत!"

घरचा कॉम्प्युटर आंब्याच्या ऑर्डरींसाठी घेतलेला. टायपिंग एकट्या मुलीला यायचं, म्हणून ईमेलचा पत्ताही तिच्याच नावाचा. गिऱ्हाइकं ऑर्डर मेलला जोडून पाठवत. त्यामुळे जोडलेली फाईल दिसली की आमचे हे आधी ती उघडणार. आदल्या संध्याकाळी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून 'आय लव्ह यू' आलं. "आंबा आवडलेला दिसतोय," म्हणत यांनी तेही उघडलं.

तो व्हायरस होता. दुपारच्या बातम्यांत कळलं की जगभर हाच धुमाकूळ आहे. आमच्याकडे ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना मुलीच्या नावाने प्रेमपत्र गेलं होतं. सावर्ड्याच्या थोरल्यानेही ते आपल्या दुकानात उघडलं असणार, कारण त्याच्या नावाने पाठवलेलं प्रेमपत्र आमच्याकडे येऊन पडलं होतं.

मी फोन लावला. "विहीणबाई, तुमच्या थोरल्याचंही आलंय. त्यालाही आवरायचं का?"

त्या हसल्या. "पुरुषांचं काय हो! केली असेल कुणी मस्करी. मुलीच्या जातीला जपावं लागतं." मी व्हायरसचं सगळं सांगितलं. "असेल तसं. पण भावकीत बोभाटा झाला. तिने येऊन थोरल्याच्या पाया पडावं, माफी मागावी. नाहीतर लग्नाचं विसरा."

कोण कुठला माणूस परदेशात बसून हा किडा सोडतो, त्याचा राग होताच. पण त्याला माझी मुलगी माहीत नव्हती. साखरपुड्यात तिची ओटी भरणाऱ्या या बाईला माहीत होती.

संध्याकाळी मस्कतहून नवऱ्यामुलाचा फोन आला. वाटलं, कॉम्प्युटरवर काम करतो, हा तरी आईला समजावेल. मुलीने ऐकून घेतलं.

"व्हायरस आहे हे कळतंय ना तुला?"

पलीकडून तो काहीतरी बोलला.

"घरात शांतता तुला हवी, तर तूच वाक," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"अगं, पण पत्रिका छापायला गेल्यात," हे पुटपुटले.

"फाईल तुम्ही उघडलीत," मी म्हटलं. "पाया पडायला तुम्ही जाणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला लग्नाबद्दल एकदा विचारलं. तिने बोटातली अंगठी काढून दिली. साखरपुड्याची साडी आणि अंगठी पिशवीत घातली, यांना सोबत घेतलं आणि पहिल्या एसटीने सावर्ड्याला गेले. फाईल कुणी उघडली, ते भावकीसमोर यांना सांगायला लावलं. पिशवी विहीणबाईंच्या हातात दिली. चहाला थांबलो नाही.