साडी दाखवायला शिकले तेव्हा

बी.कॉम. झाल्यावर वर्षभर घरी बसले आणि मग कळंबच्या एका साडीच्या दुकानात कामाला लागले. गावाहून एस.टी.नं अर्ध्या तासाचा रस्ता. माझ्याकडं ब्लाउजपीसचा कोपरा होता. रंगाला रंग जुळवून द्यायचा, एवढंच काम. ते मला आवडायचं, कारण ते बसून करता यायचं. मी अंगानं फार उंच. सातवीतच आईच्या डोक्यावरून गेले होते. तेव्हापासून आई म्हणायची, "जरा वाकून चाल गं, उंच पोरीला स्थळ सापडत न्हाय." मी वाकून चालायला शिकले, आणि पुढं ते अंगातच मुरलं.

दुकानाच्या मालकांची सून नव्या विचारांची होती. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. तिनं साड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर टाकायला सुरुवात केली. त्यासाठी लातूरहून एक मुलगी यायची. ती दोनदा आली, तिसऱ्यांदा आलीच नाही. वहिनीनं दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तू उंच हायेस. नेस ही."

मी नेसले. उभी राहिले. वहिनीनं व्हिडिओ काढून दाखवला आणि मला माझीच कीव आली. ज्वारीच्या रानात बुजगावण्याला साडी गुंडाळावी, तसं दिसत होतं. खांदे पुढं आलेले, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, नजर जमिनीवर.

वहिनीनं मोबाईल खाली ठेवला. बोलले ते मामा. मामा म्हणजे आमच्या दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन. साठीला टेकलेले, बुटके, पांढरा सदरा-पायजमा घालणारे. तीस-पस्तीस वर्षं ते गादीवर उभं राहून, स्वतःच्या सदऱ्यावरून साडी लावून गिऱ्हाइकाला दाखवत आले होते. ते म्हणाले, "पोरी, तू साडी नेसलीस, पण दाखवली न्हाईस."

"म्हणजे कसं, मामा?"

त्यांनी समोरची जांभळी साडी उचलली, कंबरेला चार निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावरून सोडला आणि अर्धं वळले. मी रोजच ते बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सदरा, पायजमा, मिशा, सगळं दिसेनासं झालं. उरली फक्त साडी.

मग रोज दुपारी, दोन ते चार गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा, ते मला शिकवू लागले. दोन्ही पायांवर सारखा भार टाकला की माणूस खांबासारखा दिसतो, म्हणून एका पायावर भार देऊन उभं राहायचं. वळताना आधी मान, मग खांदा, मग कंबर. सगळं एकदम वळवलं तर पदर अंगाला चिकटतो आणि काठ दिसत नाही. हात लपवायचे नाहीत, पण त्यांना कामही जास्त द्यायचं नाही. गादीपासून आरशापर्यंत दहा पावलं होती. ती मी किती वेळा चालले असेन, कोण जाणे. "पाऊल टाकताना जमिनीला इचारत बसू नको," असं ते ओरडायचे.

मोबाईलकडं बघायची मला भीती वाटायची. ते म्हणाले, "त्याच्याकडं बघूच नको. त्याच्या मागं एक बाई बसलीय, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. थकलीय ती, चार दुकानं फिरून आलीय. तिच्याकडं बघ."

ते मला लगेच जमलं. खांदे मात्र सरळ होईनात. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुला वाकायला कोण शिकवलं?" मी आईचं सांगितलं. त्यांनी आईला नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले, "मी पाच फूट दोन इंच. माझ्या अंगावर निऱ्या कधी पुऱ्या पडल्याच न्हाईत. तुझ्या अंगावर पडत्यात. एवढंच बघ आरशात."

महिन्याभरात व्हिडिओ बरे येऊ लागले. लोक साडीचा नंबर सांगून फोन करायला लागले. मग एक दिवस शेजारच्या काकूंनी माझा व्हिडिओ आईला दाखवला. मी घरी पोचले तर आई दारातच बसली होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"ही तूच का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"एवढं ताठ उभं राहून पाठ दुखत न्हाय?"

"वाकून दुखायची, आई."

ती उठून चुलीकडं गेली. आईही उंचच आहे. तिची पाठ मला आठवते तेव्हापासून वाकलेलीच आहे. त्या दिवशी हे मी पहिल्यांदा मनात नोंदवलं.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्याच महिन्यात एक ठरत आलेलं स्थळ फिरलं. "पोरगी मोबाईलवर नाचती," असा निरोप आला. मी कधी नाचले नव्हते. आई दोन दिवस जेवली नाही. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "साडीच नेसलीय की, दुसरं काय केलंय तिनं?" पण त्यांचाही आवाज खाली गेला होता. मी वहिनीला सांगितलं, आता व्हिडिओ नको. आणि ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

मामांनी समजूत घातली नाही. पंधरा दिवसांनी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं नवं लग्न झालं होतं तेव्हा सासरे दुकानात आले होते. मामा गादीवर हिरवी साडी लावून उभे. सासऱ्यांनी बघितलं आणि आल्या पावली परत गेले. पुढं सासुरवाडीला प्रत्येक सणाला त्यावरून हसणं व्हायचं.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी कामावर आलो." डबा बंद करत म्हणाले, "लई वर्षं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?"

त्या आठवड्यात मी पुन्हा उभी राहिले. मामांच्या बोलण्यानं धीर आला असं म्हणता येणार नाही. पण वाईट वाटत असतानाही काम करता येतं, हे एका माणसानं करून दाखवलं होतं. रोज सकाळी माझी साडी आईनं इस्त्री करून ठेवलेली असायची.

पुढं सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं कॅटलॉगसाठी बोलावलं. तिथला फोटोग्राफर म्हणाला, "चेहऱ्यावर काही नको, हसू तर नकोच." तेही शिकले. दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि तरी ते फोटोत दिसता कामा नये, हेही तिथंच कळलं.

मामांनी डोळ्यांमुळं काम सोडलं. आता रविवारी मी धाराशिवला पाच-सहा मुलींना चालणं, वळणं, उभं राहणं शिकवते. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही कुठं क्लास केला?" मी मामांचं सांगितलं तर सगळ्या हसल्या. मी त्यांना हसू दिलं. मग एक ओढणी घेऊन, मामा वळायचे तशी वळून दाखवली. हसणं हळूहळू थांबलं.

क्लास सुटल्यावर एक मुलगी मागं राहिली. तेरजवळच्या गावातून येणारी, अंगानं बारीक.

"ताई, गावात लोक काय म्हणतील?"

तिला धीर द्यावा असं वाटलं, पण खोटं बोलवेना.

"म्हणतील," मी म्हणाले. "बस किती वाजता आहे तुझी?"

"सव्वापाचला."

अजून वीस मिनिटं होती. आम्ही दोघी पुन्हा एकदा भिंतीपर्यंत चालून आलो.