हिरव्या बाटलीतला समुद्र

ज्येष्ठ संपत आला होता. जालन्याच्या मोंढ्याजवळ बदनापूरचा एक ओळखीचा माणूस भेटला. सायकलवरून न उतरताच, एक पाय जमिनीला टेकवून तो म्हणाला, "समुद्रवाले मास्तर गेले की वो. परवा सकाळी." अंबादास माझा बालमित्र. एका पाटीवर अक्षरं गिरवली आम्ही. मला तिथंच रडू यायला हवं होतं. पण लाज सोडून सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की समुद्रवाले मास्तर? सात वर्षं समुद्रावर नोकरी मी केली, ओकून ओकून आतडी माझी पिळवटली, आणि समुद्रवाला तो? ज्यानं उभ्या जन्मात दुधनेच्या पुरापलीकडं पाणी पाहिलं नाही, तो? या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. जळफळाट कमी झालाय असं मला म्हणता येत नाही...

आम्ही दोघे बदनापूरचे, निजामाच्या राज्यात वाढलेले, आणि त्या राज्याला समुद्र नव्हता. अठ्ठेचाळीस साली ते राज्य गेलं तेव्हा कुणी झेंडा लावला, कुणी गूळ वाटला. अंबादास नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागला होता. तो पळत पळत आमच्या घरी आला आणि दारातूनच ओरडला, "विठ्या, आपल्याला समुद्र भेटला रे! कालपर्यंत न्हवता, आज हाये. आता त्याची रखवालीबी आपल्यालाच करावी लागंल." माझी माय चुलीपुढून म्हणाली, "मास्तर, आधी च्या घ्या, मंग रखवाली करा." आम्ही खूप हसलो. पण तो हसत नव्हता, हे मला आत्ता आठवतं.

आणि नशिबाची गंमत बघा, पुढच्याच वर्षी एका नातेवाइकाच्या ओळखीनं नोकरी मिळाली ती मला, कोकणात, कस्टमच्या लाँचवर कारकुनाची. गोवा तेव्हाही पोर्तुगीजांकडेच होता, आजही आहे. तिकडून सोनं, घड्याळं, दारू रातोरात होड्यांतून आपल्या किनाऱ्याला लागायची, आणि आमच्या लाँचनं ती धरायची, असा एकूण मामला. मी आत बसून नोंदवही लिहायचो, आणि लाँच हलली की बादली जवळ ओढायचो. समुद्र म्हणून मी जो पाहिला तो बहुतेक त्या बादलीतच. मायला महिन्याला एक कार्ड टाकायचो: मी खुशाल आहे, इकडे पाऊस आहे, काळजी करू नये.

मायला वाचता येत नव्हतं. कार्ड आलं की अंबादास शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून वाचून दाखवायचा. पहिल्या रजेवर घरी आलो तेव्हा माय माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "का रे, तो देवमासा मंग गेला का लाँच सोडून? आन् त्या कोळ्याच्या लेकीचं लगीन झालं का?" मी चक्रावलो. असलं काही मी बापजन्मात लिहिलं नव्हतं! माझ्या तीन ओळी हा गडी अर्धा तास वाचत होता. शेजारच्या चार बायका ऐकायला यायच्या. मी खरं काय ते सांगायला लागलो, वही, शिक्का, बादली... मायनं जांभई दिली. म्हणाली, "कागदात लई चांगलं लिहितूस तू. तोंडानं न्हाई येत तुला." त्या दिवशी मी जेवलो नाही. आपल्याच आईसाठी आपला मित्र आपल्यापेक्षा बरा मुलगा होऊन बसलाय, हे कुणाला सांगायचं?

त्याची व्याख्यानंही मी ऐकली आहेत. शनिवारी शाळेच्या पडवीत तो पितळी परात पाण्यानं भरायचा, एका कडेला कणकेचा किनारा थापायचा, किनाऱ्यापासून वीतभर अंतरावर पाण्यात सुताचा धागा सोडायचा आणि वर मूठभर मोहरी टाकायचा. धागा म्हणजे हद्द, मोहरी म्हणजे मासळी. "पूर्वी तोफेचा गोळा जाईल तेवढं पाणी राजाचं धरायचे," तो सांगायचा, "आपल्या गोफणीचा धोंडा जाईल तेवढं रान आपलं, तसं बराबर. पण ह्या मोहरीला धागा कळतो का? बिलकुल न्हाई. ती जाती, येती. धाग्यापल्याड कुणी मोठं जहाज लावून सगळी ओढून नेली, मंग आपल्या परातीत काय राह्यलं?" पावसाळ्यात मासळी पोटुशी असते, तेव्हा जाळं टाकणं पाप, हे तो एकाच वाक्यात पटवायचा: "बियाणं खाल्ल्यावर पेरता काय?" ज्यांनी आयुष्यात मासा तोंडात घातला नव्हता अशी माळकरी म्हातारी माणसं मान डोलवायची. एकदा एकानं विचारलं, "मंग मास्तर, राखणीला कोन असतं?" अंबादासनं हात केला, "त्यो काय माघं बसलाय. आपला विठ्ठल!" सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग पुन्हा सगळे परातीकडे वळले.

राखीपौर्णिमेला कोकणात समुद्राला नारळ देतात, आणि मगच कोळी होड्या पाण्यात लोटतात. मी कार्डात लिहिलं होतं, 'आज नारळी पौर्णिमा, सुट्टी आहे.' त्या एका ओळीवर या पठ्ठ्यानं बदनापुरात सणच उभा केला. दर वर्षी गावातली माणसं दुधनेवर जायची आणि विठ्ठलची लाँच सुखरूप राहो म्हणून माझी माय पहिला नारळ सोडायची. एका वर्षी मी नेमका रजेवर होतो. पाण्यात नारळ डुबकत चाललाय, बायका हात जोडून उभ्या आहेत... मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, भूगोल शिकवता न तुम्ही? दुधना पूर्णेला मिळती, पूर्णा गोदावरीला, आन् गोदावरी जाती पूर्वेच्या समुद्राला. मी हाये पश्चिमेला! मायचे नारळ इतकी वर्षं भलत्याच समुद्रात चाललेत."

आता हा खाली मान घालणार, या आनंदात मी उभा होतो. अंबादास हळू आवाजात म्हणाला, "माहिती हाये मला. पण समुद्र सगळा एकच असतो न रे विठ्या? मधी कुणी भिंत थोडीच घातली." माय माझ्याकडं बघतही नव्हती. ओला हात पदराला पुसत म्हणाली, "मास्तर, पुढच्या सालीबी येऊ आपण." लोक त्याच्यामागं घरी गेले, आणि मी नदीवर एकटा राहिलो.

त्याच रजेच्या शेवटी तो मला गाडीवर बसवायला आला. शर्टाच्या खिशातून औषधाची एक रिकामी हिरवी बाटली काढून माझ्या हातात दिली. नदीवरचं काही त्याच्या मनात नव्हतं. "पुढच्या बारीला एवढी भरून आण. पोरांला चाखवतो. मलाबी एकदा बघू दे समुद्राची चव कशी हाये ती." जन्मात त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एकच वस्तू. पुढच्या रजेवर निघताना मी धक्क्यावर बाटली घेऊन उभा होतो. पाणी पायरीला लागत होतं, नुसतं वाकायचं होतं. नाही वाकलो. वाटलं, कार्डं याची, माय याची, गाव याचं... समुद्र तरी माझा राहू दे. बाटली तशीच कोरडी ट्रंकेत टाकली. बदनापूरला आल्यावर दुधनेचं पाणी भरलं, मायच्या मिठाच्या मडक्यातले दोन खडे टाकले आणि हलवून त्याला नेऊन दिली.

त्यानं बाटली दोन्ही हातांनी घेतली. बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "विठ्या," एवढंच म्हणाला. पुढं कितीतरी वर्षं ती शाळेच्या कपाटात होती. पहिलीतलं पोर शाळेत आलं की त्याच्या जिभेवर एक थेंब. प्रत्येकाला तो सांगायचा, "माझ्या दोस्तानं आणला हाये." माझं नाव त्यानं गावभर केलं ते असं. मी नोकरी सोडून जालन्याला आलो, माय गेली, तरी मी त्याला खरं सांगितलं नाही. आधी सूड म्हणून, नंतर भीतीनं.

तेराव्याला गेलो होतो. त्याची बायको, सरूवहिनी, कोनाड्यातून ती बाटली घेऊन आल्या; आजारपणात त्यानं ती शाळेतून घरी आणवली होती. तळाशी बोटभर पाणी होतं. "भाऊजी, शेवटी मी गंगेचं पाणी आन् तुळशीचं पान घिऊन बसल्ते," त्या म्हणाल्या, "तर मान हलवून न्हाई म्हनले. कोनाड्याकडं बोट केलं. म्हनले, समुद्राचं घाल, विठ्यानं आणलेलं. दोन थेंब घातले. तोंड असं निवांत झालं बघा... तुमचे लई उपकार हायेत." त्यांनी बाटली माझ्या हातात ठेवली, मी ती घेतली आणि चोरासारखा बाहेर पडलो.

आता ती माझ्यासमोर टेबलावर आहे. मनाला समजावायचं तर एक वाक्य आहे माझ्यापाशी: दुधनेचं काय आणि समुद्राचं काय, मधे भिंत थोडीच आहे. पण ते वाक्यसुद्धा त्याचंच. ज्याला मी समुद्र दिला नाही, त्याच्याकडूनच उसनं घेऊन सुटायचं, एवढा निर्लज्ज मी अजून झालेलो नाही. म्हणून इथं सगळं लिहून टाकलं. सरूवहिनींना वाचता येत नाही. या रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत मास्तरांवर काही आलंय म्हणून त्या कुणाला तरी ओट्यावर बसवून ती वाचायला लावतील, आणि वाचणारा बाटलीपाशी येईल, तेव्हा काय करेल, मला ठाऊक नाही. अंबादास असता तर तो तिथं क्षणभर थांबला असता, चष्मा पुसला असता, आणि मी न लिहिलेलं काहीतरी चांगलं वाचून दाखवलं असतं.